बाहेर पळू नका
वस्तीतली पोरं तिला भोंगाताई म्हणत. आधी मागून म्हणत, मग तोंडावर म्हणू लागली. तिनंही कधी मनाला लावून घेतलं नाही. भोंगा तिच्याच हातात होता, तर नाव तरी दुसऱ्या कुणाला कसं मिळणार?

त्याआधी ती बसस्थानकावर गाड्या पुकारायची. आवाज खणखणीत आणि उच्चार स्वच्छ, म्हणून पालिकेच्या आपत्ती कक्षात तिची बदली झाली. कक्ष म्हणजे अग्निशमन दलाच्या मागची एक खोली. दोन टेबलं, वायरलेस, माईक आणि भिंतीवर गावाचा नकाशा. नकाशावर लाल रंगानं गोल केला होता तो बर्फाच्या कारखान्याभोवती. बर्फ करायला तिथं अमोनिया वापरत, आणि कारखान्याच्या कुंपणाला टेकूनच वस्ती उभी होती. त्या वस्तीत तिची आई राहायची.

तिच्या हातून झालेली पहिली रंगीत तालीम पुरती फसली. भोंगा वाजला आणि अख्खी वस्ती रस्त्यावर आली. कुणी मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होतं, तर कुणी पोराला खांद्यावर बसवून कारखाना दाखवत होतं. खरोखर वायू सुटला असता तर सगळे त्याच्याच तोंडी गेले असते. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कक्षाच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, आपली सूचना जरा मोठ्यानं वाचून बघता?"

साहेबांनी कागद उचलला. "सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की संभाव्य वायुगळतीच्या अनुषंगाने खबरदारीचा उपाय म्हणून..." अर्ध्यातच त्यांना धाप लागली आणि हसू आलं. "एवढं ऐकेपर्यंत माणूस चौकात पोचेल की! काय म्हणायचं मग?"

"घरात जा. दारं-खिडक्या लावा. नाकातोंडावर ओला फडका धरा. बाहेर पळू नका. बस्स."

साहेबांनी तिथल्या तिथं सही केली. शिवाय, वायू सुटल्याची खात्री झाली की आपली वाट न बघता भोंगा वाजवायची मुभाही दिली.

मग ती गल्लीगल्ली फिरली. पुढचं वर्षभर सुट्टीच्या दिवशीही तिचा तोच उद्योग. लोक चेष्टा करायचे. "काय ताई, आज पळायचं की लपायचं?" ती म्हणायची, "लपायचं. आणि खिडकी लावायची, ती आत्ता लावून दाखवा." निम्म्या खिडक्या लागतच नव्हत्या. ती सुताराला घेऊन परत यायची.

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी तिनं एकेक शेजारी नेमून दिला. खरी पंचाईत आईची होती. कानातलं यंत्र आई खणात ठेवायची. "त्यातून अख्ख्या जगाची कटकट ऐकू येते," म्हणायची. आणि भिंतीला भिंत लागून होती शिंपीणबाई. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघींचं एकदा जे वाजलं, ते बोलणं कायमचंच बंद.

"त्या बाईनं माझा हात धरण्यापेक्षा मी मेलेली बरी," आईनं सुनावलं.

"मरायचं काय ते नंतर बघू," असं म्हणून ती शेजारच्या दारात गेली.

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. "मी तिच्याशी बोलणार नाही, सांगून ठेवते. पण धरून आत ओढायला बोलावं कुठं लागतं?"

आणि एके दिवशी कक्षात सकाळची कामं आटोपत असताना फोन वाजला. कारखान्याचा पहारेकरी होता. "ताई, नळी... नळी फुटली..." पुढे नुसता खोकला.

साहेब बैठकीला बाहेरगावी होते. बटणावर बोट ठेवताना तिला क्षणभर ती फसलेली तालीम आठवली. मग तिनं बटण दाबलं.

"घरात जा. दारं-खिडक्या लावा. नाकातोंडावर ओला फडका धरा. बाहेर पळू नका."

थोडं थांबून पुन्हा तेच. घाई नाही, आवाजात कंप नाही. शेजारच्या टेबलावरचे वायरलेसवाले काका बंबाच्या गाड्यांशी बोलता बोलता तिच्याकडे वळले. "तुझी आई तिथंच आहे ना? तू जा. मी वाचतो हे."

या वेळी आई अंगणात कपडे वाळत घालत असते. तिनं शिंपीणबाईंना फोन लावला, तर नुसतीच रिंग जात राहिली.

"नाही काका," ती म्हणाली. "वर्षभर त्यांनी माझा आवाज ऐकलाय. मध्येच दुसरा आला, तर काय झालं बघायला दार उघडतील."

आणि तिनं पुन्हा माईक ओढला.

मग वाऱ्यानं दिशा बदलली. वायू वस्तीपलीकडच्या बेकरीच्या बाजूला सरकला, आणि नेमका तिकडच्याच खांबावरचा कर्णा मुका निघाला. काकांनी तिकडे बंब वळवला, त्यावरच्या भोंग्यातून जवान ओरडत गेले. तोवर काही जण बाहेर आलेच होते. त्यांचे डोळे आणि घसे भाजले, त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. जीव मात्र कुणाचा गेला नाही.

"आता बाहेर यायला हरकत नाही," हे तिनंच सांगितलं, आणि मगच खुर्ची सोडली.

आई शिंपीणबाईंच्या खोलीत होती. दोघी एकाच पलंगावर, गळ्यात ओले फडके.

"बघ गं, हिनं गिऱ्हाइकाचं नवंकोरं कापड भिजवून माझ्या तोंडावर कोंबलं," आईनं तक्रार केली.

"मग काय तुझी साडी फाडू?" शिंपीणबाई कडाडल्या. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "फोन वाजत होता, पण हात हिच्या दंडावर होता. बोलायचं नव्हतं मला. पण ही ऐकते कुठं? बोंबलावंच लागलं."

ती हसायला गेली आणि रडली. आईनं तोच ओला फडका काढून तिच्यासमोर धरला.

दुसऱ्या दिवशी ती बेकरीवर गेली. बेकरीवाल्याचे डोळे सुजून लाल झाले होते. तो तिच्यावर बरसला. "तिकडं सगळ्यांना सांगितलंत, आम्ही काय माणसं नव्हतो?"

कर्णा बिघडला होता, हे तिला सांगता आलं असतं. ती म्हणाली, "तुमच्यापर्यंत आवाज पोचला नाही, हे खरं आहे. तो पोचवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. नवा कर्णा मंजूर झालाय. भट्टीच्या आवाजातही ऐकू येईल अशी जागा दाखवा."

तो धुमसतच चपला घालून बाहेर आला.

"त्या कोपऱ्यावर नको, तिथं गिरणीची घरघर असते. इकडं या."

"इथं?"

"अजून थोडं पुढं."

भर उन्हात दोघं रस्त्यावरून पुढं-मागं करत राहिले.