गाऱ्हाणं घालणारा कीर

कीर पाळायचा नाही, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे पोपटाला कीर म्हणतात. वादळात शेंडा गेलेला एक माड परसात नुसताच उभा होता. तो पाडला तेव्हा वरच्या ढोलीत तीन पिल्लं निघाली. अंगावर धड पीस नाही, नुसत्या चोची आणि आरडाओरडा. माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, त्यांना सुपात घेऊन पडवीत बसले. पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे, हेही मी सांगून पाहिलं.

“मगे कायद्याक सांग, येऊन पेज भरव म्हणान,” बाबा म्हणाले.

पाळायचाच तर निदान शांत बघून घ्या, म्हटलं. एक पिल्लू बिचारं कोपऱ्यात गप्प बसलेलं होतं. बाबांनी मुद्दाम सगळ्यांत जास्त केकाटणारं उचललं. “ओराडता तोच बोलतलो,” असा त्यांचा हिशेब. उरलेली दोन शेजाऱ्यांनी नेली.

हिशेब खरा ठरला. कीर बोलायला लागला आणि बोलला तोही हुबेहूब बाबांच्या आवाजात. तोच खर्ज, तोच हुकूम. “चाय हाड गो!” अशी हाक आली की मी चहा घेऊन पडवीत जायची आणि बाबा बाजारात गेलेले असायचे. पिंजऱ्यातला मेला मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा. माझ्याशी त्याचं कधी जमलं नाही. पेरूची फोड द्यायला गेले तरी फोड सोडून बोट धरायचा. बाबांच्या मात्र खांद्यावर बसून कानातले केस ओढायचा आणि बाबा ते कौतुकाने सोसायचे.

आमच्या भावकीत गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. वर्षाची राखण द्यायची वेळ आली की सगळी माणसं अंगणाच्या कडेला राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, दगडापाशी जमतात, नारळ ठेवतात, आणि घरातला मोठा माणूस देवाला मोठ्याने सगळ्यांचं मागणं सांगतो. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. बाबांचं गाऱ्हाणं ऐकायला लांबची माणसं मुद्दाम यायची. ते रोज सकाळी पिंजऱ्यासमोर बसून कीराला शिकवायचे, “बा देवा म्हाराजा!” कीर तेवढं शिकला. पुढचं काही त्याने उचललं नाही.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणून त्यांना पडवीत खुर्चीत बसवलं, तर त्यांना बघून कीर आनंदाने वेडापिसा झाला. पिंजरा हलवून ओरडला, “चाय हाड गो!”

बाबांनी डोळे मिटून घेतले.

त्यांना चहा हवा होता, की तो आवाज सहन झाला नाही, हे मला कळेना. मी पिंजऱ्यावर कापड टाकलं. बाबा “आं… हं” करून डावा हात हलवू लागले. कापड काढलं, तर तोंड भिंतीकडे फिरवलं. आजारी माणसं डोळ्यांनी बोलतात म्हणे. काही बोलत नाहीत. मी कितीतरी वेळ त्या डोळ्यांसमोर बसले आणि मला एक अक्षर कळलं नाही.

त्या वर्षीही राखण द्यायचीच होती. बाबांना खुर्चीसकट दगडापाशी नेऊन बसवलं. गाऱ्हाणं घालायला चुलतदीर उभे राहिले. त्यांची पहिलीच वेळ. घसा खाकरला, हात जोडले, आणि अडकले. सगळे माना खाली घालून वाट बघत होते. तेवढ्यात पडवीतून खणखणीत आवाज आला, “बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका सुरात म्हणाले.

इतक्या वर्षांची सवय. त्या आवाजाला हेच उत्तर द्यायचं, एवढंच अंगात मुरलेलं. मग कोणीतरी फिसकन हसलं. कीराला चेव चढला, तो परत तेच ओरडला. या खेपेला निम्मी माणसं हसली आणि निम्म्यांनी परत “व्हय म्हाराजा” म्हटलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा डावा हात छातीशी येऊन उजव्याला शोधत होता. ओठ हलत होते. पुढचं वाक्य सांगायचा प्रयत्न चालला होता त्यांचा. कीराला ते येत नव्हतं, बाबांना सगळं येत होतं, आणि बाहेर पडत होती ती नुसती लाळ. मी पदराने तोंड पुसलं. मला असा राग आला, की काय सांगू. पण काढणार कोणावर?

जाताना सगळ्यांनी एकच सल्ला दिला, “त्या कीराक कोणाक तरी देवन टाक गो.”

मी बाबांना विचारलं, “कीर ठेवचो?”

“आं… हं.”

“देवन टाकूचो?”

“आं… हं.”

मी तिथेच बसून रडले. कीर राहिला, पण तो काही मी ठेवला म्हणून नाही. मला ठरवताच आलं नाही, म्हणून राहिला.

नवरा मुंबईला नोकरीला. संध्याकाळी त्याचा फोन आला की आधी बाबांची चौकशी, आणि मग हळूच, “वायच कीराकडे धर गो.” मी मोबाइल पिंजऱ्याशी धरायची. पलीकडे तो आपल्या बापाचा आवाज ऐकत बसायचा आणि मी हात अवघडेपर्यंत उभी राहायची.

पण आता कीरापुढे बसून ते शब्द कोण म्हणणार? मी म्हणून बघितले, बायकी आवाजाला त्याने दाद दिली नाही. आधी गाऱ्हाणं गेलं. मग चहा मागणं कमी झालं. दिवसभर कानावर जे पडत होतं, ते मात्र तो नेमाने उचलत होता. स्वयंपाकघरात पडवीतून “आं… हं” ऐकू आलं की मी गॅस बंद करून धावायची. कधी बाबांना पाणी हवं असायचं. कधी बाबा झोपलेले असायचे आणि पिंजऱ्यातून कीर माझ्याकडे बघत असायचा. फरक ओळखू येत नाही, म्हणून दर वेळी धावायचं.

परवा फोन आला तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबांना आत खाटेवर झोपवून मी पडवीत आले होते. नेहमीसारखा मोबाइल पिंजऱ्याशी धरला. कीराने मान वाकडी केली आणि जड, फाटक्या आवाजात म्हणाला, “आं… हं.”

“बाबांका वायच थांबूक सांग गो,” नवरा म्हणाला. “कीराक बोलूक दी.”

मी मोबाइल कानाला लावला.

“बाबा निजले आसत,” मी म्हटलं. “ह्यो कीरच.”