शिडावरचा सिनेमा

नाखवा कोणतीही गोष्ट आधी हुंगायचा आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवायचा. चहा, दोरखंड, नवा सदरा, पावसाळी वारा, काहीही असो. सिनेमाच्या रिळाचा पत्र्याचा डबा उघडला की झाकण बाजूला ठेवून तो आधी नाक आत घालायचा. समोर बसलेल्या गोऱ्या बायका हसायच्या. त्याला त्याचे काही वाटत नसे. "मासळी डोळ्यांनी नाय बगायची, नाकानं बगायची," म्हणायचा. "डोळा फसतो."

तो सिनेमाचा ऑपरेटर होता, पण त्याला ऑपरेटर कोणी म्हणत नसे. तारापूरजवळच्या कोळीवाड्यात त्याची स्वतःची होडी होती, आणि होडीचा धनी तो नाखवा. एका हंगामात होडी वाळूवर ओढून घेताना खालचा ओंडका घसरला आणि त्याचा उजवा गुडघा कामातून गेला. होडी धाकट्या भावाने चालवायला घेतली. त्याच सुमारास अणुवीज केंद्राचे बांधकाम सुरू झाले होते. अमेरिकन इंजिनियर कुटुंबांसह वसाहतीत राहायला आले होते आणि त्यांच्या क्लबात शनिवारचा सिनेमा दाखवायला माणूस हवा होता. नाखव्याला होडीचे इंजिन दुरुस्त करता येत असे. ज्याला इंजिन येते त्याला जनरेटर येईल, आणि ज्याला जनरेटर येतो त्याला प्रोजेक्टर येईल, असा कोणीतरी विचार केला. तो बरोबर निघाला.

मी तेव्हा प्रकल्पाच्या स्टोअरमध्ये नोकरीला होतो आणि जवळच्या सरावली गावात खोली घेऊन राहत होतो. प्रोजेक्टर, पडदा, वायरी हे सगळे माझ्या ताब्यातले सामान, म्हणून शनिवारी मला तिथे हजर राहावे लागे. नाखवा मला 'इष्टोर' म्हणायचा.

"ओ इष्टोर, तुमचा पडदा वाकडा हाय."

"पडदा तुम्ही बांधलात, नाखवा."

"बांधला मी, पर हाय तुमचा. माजा असता तर सरळ असता."

सिनेमांबद्दल त्याचे मत फारसे चांगले नव्हते. बहुतेक चित्रपटांत घोडे आणि बंदुका असत. खेळ संपला की तो मान हलवत म्हणायचा, "यांच्या देशात कामाला जातो तरी कोण? सगळे घोड्यावरच." पण चित्रपट आवडो वा न आवडो, रीळ मात्र तो जिवापाड सांभाळायचा. प्रेक्षक गेले की रीळ हाताने उलटे गुंडाळायला बसायचा. अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीतून फिल्मच्या दोन्ही कडा सरकत जात. कुठे भोक फाटलेले असले की चिमूट तिथे थांबायची. कोळीवाड्यात जाळे असेच तपासतात: न बघता, गप्पा मारत, एका हातातून दुसऱ्या हातात सरकवत. जाळ्याबद्दलचे त्याचे एक म्हणणे होते आणि तेच तो फिल्मला लावायचा. "वापरतं जाळं टिकतं. कोपऱ्यात पडलं का उंदराचं झालं."

क्लबाचा कारभार एका उंच साहेबाकडे होता. त्याचे नाव नाखव्याला उच्चारता येत नसे, म्हणून आम्ही दोघे त्याला उंच साहेबच म्हणायचो. एकदा उंच साहेबाने स्वतःच्या सामानातून तीन डबे आणले. तिन्ही मिळून एक जुना मूकपट होता. साहेबाच्या आजोळचे गाव अमेरिकेच्या थंड किनाऱ्यावरचे, मच्छीमारांचे. कोणे एके काळी तिथे काही मंडळी येऊन गावातल्याच माणसांना घेऊन हा चित्रपट करून गेली होती. क्लबातल्या लोकांना त्यात विशेष रस वाटला नाही. अर्धे लोक मधेच उठून जेवायला गेले. नाखवा मात्र प्रोजेक्टरला टेकून उभा होता, तो शेवटपर्यंत हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "साहेबाला विचारा, ह्यो आमच्या पाड्यात दाखवू काय?"

मी विचारले. उंच साहेब आधी गोंधळला आणि मग इतका खूश झाला की स्वतः जीप घेऊन आला. शिमग्याचे दिवस होते. दोन काठ्यांच्या मधे होडीचे शीड ताणून बांधले होते. दिवेलागणीनंतर खेळ सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांतच बायकांचा गलका सुरू झाला. कारण पडद्यावर लाकडी मांडवांवर मासळी वाळत घातलेली होती आणि डोक्याला फडकी बांधलेल्या गोऱ्या बायका ती उलटीपालटी करत होत्या.

"अगो बाय, ही तर आपलीच मासळी वाळवायची वलांडी!"

"बोंबील केवडे हायत बग त्यांचे!"

"बोंबील नाय तो. दुसरी कायतरी जात हाय."

"जात कायबी असू दे, ती बाय वाळवते तशी तुजी सून वाळवते काय?"

धुक्यात होड्या हरवतात तिथे मात्र बायकांनी पोरांना जवळ ओढले. खेळ संपल्यावर उंच साहेब म्हाताऱ्यांच्या मधे बसला आणि मी दुभाष्याचे काम केले. साहेब म्हणाला की ते गाव आता तसे राहिलेले नाही. तसल्या होड्या नाहीत, ते मांडव नाहीत. आणि त्या काळचे चित्रपटही राहिलेले नाहीत. त्याच्या देशात असे पुष्कळ चित्रपट जळून गेले, पुष्कळ जागा अडते म्हणून फेकून दिले गेले. या चित्रपटाची दुसरी प्रत त्याने खूप शोधली, मिळाली नाही. आता तिकडे काही लोक उरलेसुरले जुने चित्रपट गोळा करून थंड खोल्यांत ठेवू लागले होते. ते हा घेतील का, हे तो रजेवर गेला की विचारणार होता.

नाखवा म्हणाला, "म्हणजे जगात ह्यो येकच हाय?"

"त्यांना माहीत असलेला एकच," मी म्हटले.

नाखव्याने तिन्ही डबे पुन्हा उघडून हुंगले.

मे महिन्यात साहेब रजेवर गेला. डबे न्यायचे की नाही हे तिकडे विचारून ठरायचे होते, म्हणून ते त्याने नाखव्याच्या हवाली केले. जाताना कोळीवाड्यातल्या लोकांनी त्याच्याकडून कबूल करून घेतले की नारळी पुनवेला हा सिनेमा पुन्हा दाखवायचा. साहेबाने हसून होकार दिला. त्याच्या गैरहजेरीत तो शब्द नाखव्याचा झाला. पाणी भरायला आलेल्या बायकाही त्याला विचारायच्या, "नाखवा, पुनवेला नक्की ना?" आणि तो म्हणायचा, "नक्की म्हणजे? मी काय तुमच्यासारका हाय?"

त्या वर्षी पावसाने उघडीपच दिली नाही. किनाऱ्यावरची पावसाळी हवा कशी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. मीठ मडक्यात वितळते आणि चपलांना बुरा येतो. जुलैत एकदा नाखव्याने डबा उघडला आणि त्याला वास बदललेला आढळला. फिल्मवर पांढरे ठिपके आले होते. तो मला काही बोलला नाही. कोळीवाड्यात सुती जाळे कुजू नये म्हणून ऐनाची साल पाण्यात उकळतात आणि त्या लालसर काढ्यात जाळे बुडवून वाळवतात. पिढ्यान्‌पिढ्या ते असेच करत आले आहेत, आणि साल लावलेले जाळे खरोखरच जास्त टिकते. नाखव्याने काढा केला, तो थंड होऊ दिला, आणि पहिल्या रिळाची वीसएक हात फिल्म त्यात बुडवून घरातल्या दोरीवर वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी तो पाऊस अंगावर घेत सरावलीला माझ्या खोलीवर आला. हातात कापडात गुंडाळलेला तुकडा होता. फिल्म चहासारखी तपकिरी झाली होती आणि वाळलेल्या पानासारखी वळली होती. उजेडासमोर धरली तर माणसे अजून दिसत होती, पण चेहरे जाऊन नुसत्या आकृत्या राहिल्या होत्या.

"विचारायचंत तरी," मी म्हटले.

"कोणाला? तुमाला? तुमाला काय ठाऊक हाय?"

ते खरे होते. मलाही काही ठाऊक नव्हते. मी त्याला चहा दिला. तो त्याने न हुंगताच प्यायला.

उंच साहेब नारळी पुनवेच्या चार दिवस आधी परत आला. थंड खोलीवाल्यांनी चित्रपट घ्यायचे मान्य केले होते. नाखव्याने त्याच्यासमोर डबे ठेवले आणि मला म्हणाला, "सांगा त्याला. कायबी लपवू नका." मी सांगितले. साहेबाने तो तपकिरी तुकडा उजेडासमोर धरून पाहिला. मग त्याने प्रोजेक्टर लावायला सांगितला. पहिले रीळ डाग पडलेल्या भागाशी येऊन तुटले. दुसरे बुरशीने कमजोर झाले होते, तेही दोन जागी तुटले. साहेबाने स्वतः बटण बंद केले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला की आता हे मशीनवर पुन्हा चढवायचे नाही. तिकडे एकेका चित्राचा वेगळा फोटो काढून नवी प्रत करतील. त्याआधी आणखी तुटले तर तेवढा भाग कायमचा गेला.

"मंग लोकांना कदी दाखवणार?" नाखव्याने विचारले.

साहेब म्हणाला, ठाऊक नाही. कदाचित वीस वर्षांनी, कदाचित पन्नास वर्षांनी कोणीतरी बघेल.

"पन्नास वर्सांनी बगणाऱ्याला वल्हं तरी वळखू येईल काय?"

हे मी भाषांतर करून सांगितले नाही. साहेबाला सूर कळला असावा, कारण त्याने मान खाली घातली. बांधाबांध होईपर्यंत डबे मात्र त्याने नाखव्याकडेच राहू दिले. हे मला त्या वेळी शहाणपणाचे वाटले नव्हते.

पुनवेच्या दिवशी समुद्राला नारळ देऊन झाला. संध्याकाळी लोकांनी काही न विचारता काठ्या रोवून शीड बांधले. मी गेलो तेव्हा नाखव्याभोवती घोळका होता. धाकटा भाऊ म्हणत होता, "डबे तुज्या घरात हायत, मशीन इष्टोरच्या ताब्यात हाय, आन इष्टोर हितं हाय. लाव ना. साहेबाला काय कळतंय?"

"नाय लागणार."

"तूच म्हणतोस ना, वापरतं जाळं टिकतं?"

"म्हणतो."

"मंग?"

नाखव्याने हातातली काठी वाळूत टेकवली. "आज लावला तर आपण बगू. आपल्यामागं कोणीच नाय बगणार. माज्यानं येक डाव झालं, तेवडं पुरे."

"मंग शब्द कशाला दिलास?" एक म्हातारी ओरडली. "शीड काय वारा खायाला बांधलंय?"

लोक उठायला लागले. तेव्हा नाखवा लंगडत शिडापाशी गेला आणि काठीने वरच्या कोपऱ्यावर टोचून म्हणाला, "बसा. हितं आबाळ हाय. खाली जेटी. जेटीवर म्हातारा बसलाय, जाळं शिवतोय. त्याला तीन बोटं नायत."

मी तो चित्रपट दोनदा पाहिला होता. म्हाताऱ्याला तीन बोटे नव्हती हे माझ्या लक्षात आले नव्हते. नाखव्याने सगळा चित्रपट तसाच सांगितला, कोऱ्या शिडावर काठी फिरवत: कोण कुठून येतो, होडी कुठल्या बाजूला कलते, वारा कुठला असणार. डागाच्या जागी आला तेव्हा थांबून म्हणाला, "हितं नाखव्यानं घाण केली हाय. हितं माणसं नुसती सावल्यांवानी दिसतात." कोणीतरी हसले, मग हसणे विरले. बायकांनी मधे मधे प्रश्न विचारले. काहींची उत्तरे त्याला देता आली नाहीत, तिथे त्याने "ते दावलं नाय" असे सांगितले.

उंच साहेब डबे घेऊन गेला. ते पोचले का, त्याची नवी प्रत झाली का, हे मला कधी कळले नाही. केंद्र सुरू झाले, अमेरिकन निघून गेले, क्लबात हिंदी सिनेमे लागू लागले. नाखवा आणखी काही वर्षे प्रोजेक्टर चालवत होता. पुढे दम्याने अंथरुणाला खिळला आणि गेला. माझी तेव्हा दुसरीकडे बदली झाली होती. मला महिन्याभराने बातमी मिळाली.

निवृत्ती जवळ आल्यावर मी पुन्हा सरावलीला येऊन राहिलो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या बेगमीसाठी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला गेलो होतो. विकणारी मुलगी विशीतली असेल. बोलता बोलता तिचा पाडा कुठला ते कळले, आणि मी नाखव्याची ओळख सांगितली.

"म्हणजे सिनेमावाला नाखवा? मी नाय पायला त्याला. पर त्याचा सिनेमा आमच्याकडं अजून सांगतात, पुनवेला. माजी आय सांगते. म्हातारा जाळं शिवतो, मंग होड्या, मंग नाखव्याचा डाग येतो, मंग धुकं."

मी म्हटले, "मी पाहिलाय तो. खरा, पडद्यावर."

तिने तराजू खाली ठेवला. "खरंच? मंग सांगा, शेवटी काय होतं?"

मी आठवून पाहिले. मासळी वाळवणाऱ्या एका बाईच्या नवऱ्याची होडी धुक्यातून परत येत नाही. ती बाई जेटीवरून वळते आणि पाठमोरी चालत जाते. ती कुठे जाते हे मात्र मला सांगता येईना. "गाव सोडून जात असावी," मी म्हटले.

"छ्या," ती म्हणाली. "गाव कशाला सोडंल? आबाळ भरून आलेलं असतं. ती मांडवावरची मासळी काढाया जाते."