पणजीचं नाव

डोंगरातल्या आमच्या मूळ गावी मी घराण्याची माहिती शोधत होतो. तलाठ्याकडच्या जुन्या कागदांत पणजोबा गोविंदा सापडले, त्यांचे भाऊही सापडले. पणजीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. ऐंशी वर्षांच्या माझ्या वडिलांनाही ते ठाऊक नव्हतं.

गाव सोडताना झऱ्यावर एक म्हातारी दिसली. कळशी भरण्याआधी तिनं ओंजळभर पाणी शेजारच्या दगडावर वाहिलं.

"हे कुणासाठी, मावशी?"

"काशीसाठी. हा झरा तिनंच उकरून काढला, असं माझी सासू सांगायची. वरच्या आळीतल्या गोविंदाची बायको. दुष्काळात पोरं घेऊन देशावर गेली, ती परत आलीच नाही. तुम्ही कुणाचं म्हणायचं?"

"तिचाच पणतू," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

सरकारी शाईला जी बाई दिसली नव्हती, तिला सासवांनी सुनांच्या हवाली करत इतकी वर्षं गावात ठेवलं होतं.

खिंडीत रेंज आल्यावर वडिलांना फोन लावला. "दादा, तुमच्या आजीचं नाव काशी होतं."

ते "काशी... काशी" असं दोनदा म्हणाले, हळूच, कुणाला तरी घरात बोलवावं तसं.