हुल्डाची काळी टोपी

अमेरिकेतल्या डाकोटातलं आमचं गाव म्हणजे एकच रस्ता. एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला चर्च. दुपारच्या गाडीने कुणी येणार नसलं तरी निम्मं गाव फलाटावर हजर असे. बायका मलईचे कॅन चढवायच्या निमित्ताने, पुरुष निमित्ताशिवाय. स्टेशनातल्या तारयंत्रावर हुल्डा ब्रांडवोल्ड बसायची. गव्हाचा भाव असो की कुणाला झालेला नातू, सगळं आधी तिला कळे.

चांगली तार आली की ती खिडकीतूनच ओरडून सांगे. मरणाची तार मात्र ती दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवत नसे. डोक्यावर काळी टोपी घालून स्वतः घरी जाई, हात धरून सांगे. गावाने त्याचा भलताच अर्थ लावला. हुल्डाची टोपी दिसली की बायका पडदे ओढून घेत. चर्चला बिचारी रुमाल बांधून जाई, तरी शेजारची जागा रिकामीच. माझ्या गावाचा मला या एका गोष्टीसाठी अजून राग येतो.

म्हातारा टोलेफ एकदा म्हणाला, "हुल्डे, टोपी ठेवून ये, मग पाजतो कॉफी."

"बिनटोपीची आले तर ओळखशील का मला?" ती म्हणाली. सगळे हसले. कॉफी काही कुणी पाजली नाही.

तिला जगात एकच माणूस होता, धाकटा भाऊ निल्स. तो आमच्याच मार्गावर मालगाडीचे डबे जोडायचा. त्या कामात माणसं चिरडली जात. मालगाडी इथे थांबत नसे, पण जाताजाता तो तिच्यासाठी वर्तमानपत्राची गुंडाळी फलाटावर फेकी. ती पडली की हुल्डाचा जीव भांड्यात पडे.

एक दिवस मालगाडी आलीच नाही. थोड्या वेळाने हुल्डा टोपी घालून, हातात तार घेऊन बाहेर पडली. आमच्या दुकानाच्या दारात आईने माझा हात आवळला. माझा थोरला भाऊ फ्रान्सात लढाईवर होता. हुल्डा आमच्यासमोरून पुढे गेली. एकेक घर मागे पडलं. चर्चच्या फाटकाशी ती थांबली, वळली आणि तशीच स्टेशनात परत गेली.

"घर चुकली वाटतं," टोलेफ म्हणाला.

"नाही रे," आई म्हणाली. "तिच्या घरी सांगायला कोण जाणार?"

आईने आत जाऊन स्वतःची काळी टोपी घातली, चुलीवरची कॉफीची किटली उचलली आणि स्टेशन गाठलं. मी मागोमाग गेले. हुल्डाने आईच्या टोपीकडे पाहिलं आणि तार पुढे केली.

"तू सांग मला, कारिन. मला कुणाकडून तरी ऐकायचंय."

आईने किटली खाली ठेवली, तिचा हात धरला आणि सांगितलं.