ओठांपर्यंत आलेला पेला

ही गोष्ट मार्थाला ठाऊक नाही. मी खोकलो की मला पडसं झालंय की चोरून आंबा खाल्लाय, हे जी बायको पाठमोरी उभी राहून ओळखते — तिलाही नाही. आणि आज तुम्हाला सांगायला बसलोय, तर पाहा ना — तोंडात आधी दुसरीच गोष्ट येते आहे.

ती आजोबांची. आमच्या घरी कुणी पाहुणा आला की मी ती सांगतोच. आजोबांनी ऐन तारुण्यात जानवं उतरवलं, मिशनच्या टेबलावर सगळ्यांबरोबर बसून पाव खाल्ला, आणि घरच्यांनी त्यांचं जिवंतपणी श्राद्ध घातलं. पिंड ठेवला तेव्हा म्हणे ते कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते. हे ‘म्हणे’ माझं आहे. दरवर्षी कुंपण थोडं जवळ येतं. मार्था म्हणते, “भिंतीवरच्या पालीलासुद्धा पाठ झाली हो ती गोष्ट, आता तिलाच सांगू द्या.” आपण कुणाच्या पोटी आलो ते लोकांना कळावं, एवढंच मला हवं असायचं. आपण कसे निघालो, ते नाही.

तर माझी गोष्ट. सात-आठ वर्षं झाली तिला. रत्नागिरीत तेव्हा अस्पृश्यांना देवळात घ्यावं की नाही यावर वाद पेटला होता. मी मिशनच्या शाळेत मास्तर. बाजारात कुणी तो विषय काढला की मी छाती पुढे काढून म्हणायचो, आमच्यात हा प्रश्नच नाही. आमच्या ख्रिस्ती देवळात सगळे एका बाकावर बसतात, एका पेल्यातून पितात. कुणी वाकून माझ्या पाया पडायला आला, तर झटकन पाय मागे घेऊन वर छोटंसं प्रवचन — “माणसाच्या नव्हे रे, देवाच्या पाया पडावं.” ते प्रवचन मला फार आवडायचं.

एका पेल्यातून. इथेच येऊन मी दरवेळी थांबतो.

आमच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीच्या विधीला, चांदीचा एकच पेला होता. त्यात मनुका उकळून काढलेला रस — तो मार्थाच करायची. पाळकांच्या, आमच्या धर्मगुरूंच्या, हातून पेला पहिल्या बाकावर यायचा आणि हातोहात मागे जायचा. पहिल्या बाकाच्या टोकाला सखाराम बसायचा. मिशनच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात तो मुलांचा भात रांधायचा, राहायचाही तिथेच, मागच्या खोलीत बायकोसह. राजापूरकडच्या एका गावच्या महारवाड्यातून दोघं बाप्तिस्मा घेऊन आले होते. देवळात सगळ्यांत आधी तो. मी त्याच्या मागच्या बाकावर. म्हणजे पेला त्याच्या ओठांवरून माझ्याकडे यायचा.

तुम्ही ओळखलंतच. मी पीत नव्हतो.

पेला घ्यायचो, डोळे मिटायचो, वरचा ओठ टेकवल्यासारखं करायचो, आणि घसा हलवायचो. घसा हलवणं महत्त्वाचं. इतकं सफाईने करायचो की शेजारच्याला वाटावं, मास्तर किती भक्तीने घेतात! चार वर्षं. आजोबांनी गळ्यातून काढलेलं जानवं नातवाच्या घशात निघालं — हे वाक्य मी स्वतःशी कितीदा म्हटलंय, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्याच विनोदावर थोडा खूषही झालोय. अशा माणसाचं काय करावं?

पण एवढंच असतं तर हे तुम्हाला सांगितलं नसतं. हे माझं आणि देवाचं होतं. पुढचं तसं नाही.

त्या वर्षी मुंबईहून पत्र आलं की तिकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी क्षयाच्या भीतीने काचेचे लहान लहान पेले आणलेत, ज्याचा त्याला. आमच्या देवळाच्या पंचांची बैठक बसली. पाच पंच, त्यांत मी. पाळक म्हातारे, म्हणाले, एक भाकर, एक पेला, त्यात बदल नाही. दोघे त्यांच्या बाजूला झुकले. मला दिसलं की हे हातचं जातंय. आणखी किती वर्षं मी घसा हलवणार? पेला आपला समोरून सरकत येतोय, असं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या दिसायला लागलं. आणि मी म्हणालो — अगदी हळू, जड मनाने बोलल्यासारखं — “नाव घेणार नव्हतो. पण सखारामच्या थुंकीत मी रक्त पाहिलंय.”

मी काय पाहिलं होतं? विहिरीपाशी त्याला पान खाऊन थुंकताना. पान होतं ते मला ठाऊक होतं. त्याने मलाही विडा पुढे केला होता — मी ‘आत्ताच खाल्लं’ म्हणालो होतो.

पेले मंजूर झाले. बैठक पाच मिनिटांत आटोपली.

मला वाटलं होतं, तिथेच मिटेल. पेले येतील, रक्ताचं सगळे विसरतील. पण चौथ्या दिवशी बोर्डिंगच्या मडमबाईने मला बोलावलं. डॉक्टरांनी सखारामची छाती तपासली होती, त्यात काही निघालं नव्हतं. पण मुलांच्या आयांपर्यंत बातमी गेली होती, दोघींनी आपली मुलं घरी नेली होती. मडमबाई तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, “मास्तर, तुम्ही स्वतः पाहिलं? नीट आठवा. तुम्ही म्हणाल तसं मी करते.”

दार उघडं होतं. पलीकडे सखाराम चुलीपुढे बसून ओली लाकडं फुंकत होता, धुराने खोकत होता. एक ‘नाही’ म्हणायचं होतं. पानाचं असेल, माझी चूक झाली — एवढं. शाळेत मुलांना मी येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचा धडा दर वर्षी शिकवतो. कोंबडा आरवतो तिथे आवाज काढून दाखवतो, मुलं हसतात.

“हो,” मी म्हणालो. “पाहिलं.”

पेत्र निदान बाहेर जाऊन रडला. मी घरी जाऊन जेवलो. बांगडे होते.

सखारामची नोकरी गेली, खोलीही गेली. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट धरून दोघं मुंबईला जाणार, असं कळलं. मला सुटल्यासारखं वाटलं — खोटं कशाला बोलू, आता तरी?

जायच्या आदला दिवस शनिवार होता. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी आमच्यात रीत आहे — ज्याच्याशी मन बिघडलंय त्याच्या घरी जाऊन समेट करायचा, मगच रविवारी प्रभूच्या मेजाकडे यायचं. मी कधी कुणाकडे गेलो नव्हतो; लोक माझ्याकडे येत. त्या संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो आणि कुंपणाच्या बेड्यातून सखाराम आत आला. धुतलेला सदरा, पायांत काही नाही.

मला वाटलं, कळलं याला. मार्था आत भांडी घासत होती. ती ऐकेल, एवढीच मला चिंता.

तो खाली उभा राहिला. वर ये म्हणायचं मला सुचलं नाही.

“मास्तर,” तो म्हणाला, “उद्या मेजावर येयाचा हाय. पन माज्या मनात तुमच्याबद्दल वायट आला. लोक बोलले का मास्तरांनीच सांगितलान. मी त्यावर इस्वास ठेवला. दोन राती तुमाला मनात शिव्या घातल्या. तुमच्यासारक्या मानसाला. माफी करा.”

बोलता येत होतं मला. अजून वेळ होता. आगबोट दुसऱ्या दिवशी होती, मडमबाईचा बंगला चार घरांवर होता. तो माझ्याकडे बघत होता — सुटका व्हावी म्हणून.

मी म्हणालो, “जा, सखाराम. मी क्षमा केली.”

त्याचे डोळे भरून आले. तो पुढे झाला, वाकला, आणि त्याने दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवले.

मी पाय मागे घेतले नाहीत.