बाबांची लटकती चप्पल

इंदोरवाल्यांनो, आज हसू आणि रडू एकदमच आलं.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा बंद रेडिओ विकायला आईने कसंबसं हो म्हटलं, म्हणून सराफा बाजाराजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. काउंटरवर तार वळवून केलेला छोटा हत्ती सायकल चालवत होता!

भाव सांगायच्या आधी दुकानदार काकांनी विचारलं, "पहले ये बताओ, इसे सुनता कौन था?"

म्हटलं, बाबा. पायावर पाय टाकून बसायचे आणि अंगठ्यावर चप्पल लटकवून हलवत राहायचे. आई चाळीस वर्षं त्यावरून ओरडली.

काकांनी रेडिओच्याच एरियलची तार कापली आणि बोलता बोलता पकडीने वळवायला लागले. दहा मिनिटांत तारेचे बाबा तयार! खुर्ची, टक्कल, लटकती चप्पलसुद्धा.

"सामान हमारा, आदमी आपका," रेडिओचे पैसे आणि तारेचे बाबा माझ्या हातात देत म्हणाले.

घरी ते बाबा रेडिओच्याच जागी ठेवले. आई जवळ येऊन वाकली. मग बोटाने ती चप्पल हळूच हलवून म्हणाली, "अहो, पडेल ना ती!"

तुमच्या घरी कोणाच्या कोणत्या सवयीवरून रोज कटकट होते? आज ती नीट बघून ठेवा. कोणी विचारलं तर सांगता यायला हवी.