जुलैतली छाटणी

श्रीरंग परदेशी निघाला त्या दिवशी आमचे वडील, आण्णा, पहाटेच बागेत गेले, ते तो जाईपर्यंत परत आलेच नाहीत. गाडी दारात उभी होती. आईने हातावर दही घातलं होतं. श्रीरंग, माझा धाकटा भाऊ, ओट्यावर उभा राहून द्राक्षबागेच्या वाटेकडे बघत होता. मी दोह्याहून सुट्टीला आले होते. म्हटलं, "अरे, जा ना, पाया पडून ये." तो म्हणाला, "त्यांना नकोय ते, ताई," आणि गाडीत बसला. आठ दिवसांनी मी परत निघाले, तेव्हा मात्र आण्णा मला सोडायला पिंपळगावहून थेट मुंबईच्या विमानतळापर्यंत आले. एवढ्या वाटेत त्यांनी श्रीरंगाचं नाव काढलं नाही.

भांडण वाइनवरून होतं. आण्णा माळकरी. नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांचं वारं आलं, तेव्हाही त्यांनी खायच्या द्राक्षाची वेल सोडली नाही. "देवापुढं ठेवायचं फळ, ते सडवून लोकांना पाजायचं?" असं ते म्हणायचे. श्रीरंग नेमकं तेच शिकला, आणि नोकरी मिळाली ती टास्मानियात, ऑस्ट्रेलियाच्या खालच्या अंगाला असलेल्या बेटावर. रान बघायला, खायला-प्यायला आणि वाइन चाखायला जगभरातून लोक तिथे जातात. आमच्या घरात त्या बेटाचा विषय निघाला की आण्णा उठून बाहेर जात.

इकडे आमचं दोह्यातल्या अल अझीझिया भागात बस्तान बसलं. नवरा मिलिंद स्टेडियमच्या कामावर इंजिनियर. वर्ल्ड कप मिळाला तेव्हापासून हे शहर कायम खोदलेलंच असायचं. आज गेलेला रस्ता उद्या बंद. मिलिंद घरी यायचा तो बुटांवर पांढरी धूळ घेऊन. जेवताना डेडलाइन, हँडओव्हर, स्नॅग लिस्ट हेच शब्द. आमची सई शाळेतून येऊन "ममा, मेट्रोला डोअर्स आपोआप आहेत!" असं निम्मं-निम्मं बोलायची. मी मात्र दर शुक्रवारी दोन फोन करायचे, एक पिंपळगावला, एक टास्मानियाला. ह्याचं त्याला सांगायचं नाही, त्याचं ह्याला सांगायचं नाही. तुमच्यापैकी जे गावी राहिलात त्यांना वाटत असेल, गेलेली माणसं सुटली. तसं नसतं. गेलेल्या माणसाच्या हातात फक्त फोन उरतो, आणि त्यात आपण काय बोललो ते जन्मभर आठवत राहतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आण्णा आजारी पडले. टास्मानियाची दारं तेव्हा बंद होती, आमचीही जवळजवळ बंदच. एका शुक्रवारी आईने फोन त्यांच्या कानाला लावला. धाप लागत होती. म्हणाले, "पोरी, तिकडं ऋतू उलटे असतात म्हणं. मग श्रीरंगाची छाटणी कधी असती?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं. आणि मी काय बोलावं? मी दोघांच्या मध्ये इतकी वर्षं उभी राहून कंटाळले होते. मी म्हटलं, "त्यालाच विचारा की, आण्णा."

"बघू," ते म्हणाले, "बरं वाटलं की करतो."

चौथ्या दिवशी ते गेले. अग्नी चुलतभावाने दिला. मी आणि श्रीरंग, दोघांनी ते आपापल्या मोबाइलवर पाहिलं.

त्या प्रश्नाबद्दल मी श्रीरंगाला सांगितलं नाही. आधी रागाने, की तू एकदा तरी नमतं घ्यायचं होतंस. मग राग गेला आणि लाज उरली. प्रश्न सांगायचा तर माझं उत्तरही सांगावं लागणार होतं.

पुढच्या वर्षी बेटाची दारं उघडली. मिलिंदला सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. कॉर्निशवरचं, समुद्रकाठच्या रस्त्यावरचं, घड्याळ वर्ल्ड कपचे दिवस उलटे मोजत होतं. "तुम्ही दोघी जा. यल्ला, निघा, मी इकडचं बघतो," तो म्हणाला. सईला घेऊन मी मेलबर्नमार्गे तिथे पोचले, तेव्हा थंडीने दात वाजत होते. विमानतळावर श्रीरंग उभा होता. दाढी पिकलेली. त्याने सईला उचललं, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "कोट आणलास का? वाळवंटात राहून थंडी विसरली असशील."

पहिले दोन दिवस त्याने आम्हाला खाऊ घातलं. तिथल्या रानफुलांचा उग्र वासाचा मध, चीज, बोटभर जाड साल असलेला ब्रेड. शिंपले आमच्यापुढे आले ते आम्ही नुसते पाहिले. संध्याकाळी तो स्वतः पिठलं करायचा, वरून कच्चं तेल. वाइनची बाटली मात्र त्याने माझ्यासमोर एकदाही उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने बाग दाखवली. तोडणी संपत आली होती. काळे, करवंदाएवढे मणी, घट्ट बसलेला घड. सईने एक तोंडात टाकला. "मामा, इट्स सो स्वीट! पण बिया किती!" ती पुढे धावली. रांगेत आम्ही दोघंच राहिलो. वेलीच्या खोडावर हात ठेवून तो म्हणाला, "आण्णांनी एकदा तरी हे बघायला हवं होतं. पण त्यांच्या लेखी मी संपलो होतो."

तेव्हा मी सांगितलं. त्यांचा प्रश्न सांगितला आणि माझं उत्तरही.

त्याने वेलीची एक काडी बोटांत धरली. मग अगदी हळू, माझ्याशी बोलत नसल्यासारखं म्हणाला, "जुलैत. जुलैत असते, आण्णा. खरड छाटणीला तुम्ही काडीवर फुटायला एक डोळा ठेवता ना, आम्ही दोन ठेवतो."

आणि मग एकदम माझ्याकडे वळला. "एक वर्ष, ताई? एक वर्ष हे पोटात ठेवलंस? मी रोज इथे कात्री हातात घेतो आणि मला वाटतं, बापाने मला टाकलं. तुला कळतंय का?"

"कळतंय."

"नाही कळत," तो म्हणाला आणि रांगेतून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला रानात न्यायचं ठरवलेलं होतं. मला वाटलं, आता कुठला येतोय. पण सकाळी गाडी काढून उभा होता. तीन तास त्याने नजर रस्त्यावरच ठेवली. सई मागे बसून वॉलबी, ती छोटी कांगारू, मोजत होती. ते रान मी कसं सांगू? शेवाळाने मढलेले बुंधे, पडलेली झाडं तशीच पडू दिलेली, चहासारखं तांबूस पाणी. दोह्यात आपण एकेक झाड नळीने पाणी देऊन जगवतो. इथे कुणी कुणाला जगवत नव्हतं, सगळं आपलं आपण उगवत होतं. मला आई आठवली, बागेत एकटी, दोन गड्यांना हाका मारणारी. मला रडू आलं ते थांबेना.

श्रीरंगाने थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्या हातात दिला. "तू तरी त्यांना काय सांगणार होतीस? तुला तरी कुठे माहीत होतं, आमची छाटणी कधी असते," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "ऑक्टोबरात गावी गोडी छाटणी, फळ धरायची. आई एकटी कशी करेल? मी जातो."

तो खरंच निघाला. ऑक्टोबरात, वर्ल्ड कप तोंडावर असताना, वाटेत आमच्याकडे दोन दिवस थांबला. रस्तोरस्ती झेंडे लागले होते. खोदकाम एकाएकी संपून शहर नवं दिसत होतं. मिलिंदने त्याला आपलं स्टेडियम बाहेरून दाखवून आणलं, पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं.

मी चपात्या लाटत होते. हॉलमधून श्रीरंगाचा आवाज येत होता. तो आईशी फोनवर बोलत होता. "हो गं, पोचलो. नाही, विमानतळावर नाही, घरी आहे. ताई चपात्या करतेय."

दहा-बारा वर्षं मी ह्या जागेला फ्लॅट म्हणत आले. घर म्हटलं की पिंपळगाव, आणि त्याची आठवण म्हटलं की छातीत कळ. ती कळ अजूनही येते. पण त्या दिवशी माझ्या भावाने, स्वतःचं घर आठ वर्षं न पाहिलेल्या माणसाने, दुसऱ्याच देशातल्या ह्या तीन खोल्यांना इतक्या सहज घर म्हटलं की मी लाटणं हातात तसंच धरून उभी राहिले.

"ममा, चपाती जळतेय," सई म्हणाली. अख्खं वाक्य, मराठीत.

मी तवा खाली उतरवला आणि श्रीरंगासाठी अजून एक पान वाढलं.